पेंडीची चव

अंधाऱ्या खोलीत सातवा ठिपका उजळला तेव्हा द्वारकेला आधी वाटलं, आपल्या डोळ्यांनाच काहीतरी झालं. तिनं डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे म्हटले आणि उघडले. ठिपका तिथंच होता. काचेच्या पट्टीच्या उजव्या टोकाला, स्थिर, निळा. पहिले सहा नमुने एका कोंबड्यांच्या फार्मवरून आले होते. तिथली पिल्लं माना टाकून मरत होती. त्यांतले दोन जेमतेम उजळले होते. तुलनेसाठी शेजारी लावलेला शुद्ध विषाचा ठिपकासुद्धा या सातव्यापुढे फिका दिसत होता. हे काम ती तीन वर्षं करत होती. पेंड कुटायची, क्लोरोफॉर्ममध्ये हलवायची, गाळायची, अर्काचा थेंब पट्टीवर ठेवून पट्टी द्रावणात उभी करायची. थेंबातले पदार्थ आपापल्या वेगानं वर चढत. मग दार बंद करून यूव्ही दिव्याखाली पाहायचं. बुरशीनं पेंडीत विष सोडलं असेल तर ते एका ठरलेल्या उंचीवर निळं दिसे. बुरशी वर दिसत असो वा नसो. तीन वर्षांत तिला हे निळं भीतीदायक कधी वाटलं नव्हतं. उलट मोरपिसाच्या डोळ्यासारखं सुंदर वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही. आज ते भीतीदायक वाटलं. सातवा नमुना तिच्या घरचा होता.

"झालं का?" बाहेरून सरांचा आवाज आला. तिनं दार उघडलं. उजेड एकदम अंगावर आला. सर खिडकीशी चहा पीत उभे होते. त्यांनी पट्टी घेतली, आत जाऊन पाहून आले आणि शिट्टीसारखा आवाज काढला. "हा शेवटचा कुठला हो, द्वारकाबाई? यादीत नाही तो."

"कुसगावचा. लोणावळ्याजवळ."

"भयंकर आहे. जनावरं आहेत ना अजून? शेतकऱ्याचं नाव काय?" असं म्हणत त्यांनी स्वतःच बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "भिमाजी गराडे. पोस्टकार्ड टाका यांना आजच. नाहीतर असं करा, तारच करा." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं आडनाव त्यांच्या लक्षात येतंय असं तिला दिसलं. "तुमच्यातलेच का कुणी?"

"वडील," ती म्हणाली. "मी स्वतःच जाते आत्ता."

वडील वारले होते. येत्या सोमवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. सरांना वडील गेल्याचं एक वर्षापूर्वी माहीत होतं, आता आठवत नसावं. चिठ्ठीवर ते नाव लिहिताना तिचा हात कुठंच अडखळला नव्हता. कुसगावची पेंड म्हणजे भिमाजी गराड्यांची, एवढंच त्या हाताला माहीत होतं. परवा रविवारी ती घरी गेली होती. आई बोलता बोलता म्हणाली की चंद्री म्हैस गाभडली, आणि कपिलीनं वैरण सोडलीय. निघताना द्वारकेनं पेंडीचा एक ढेपसा वर्तमानपत्रात बांधून घेतला होता. का घेतला? घेताना मनात काही होतं का? असलं तर ते तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. खिडकीबाहेर भात पिवळं होत आलं होतं. तळेगावच्या अलीकडे वराळ्याच्या बाजूला बायका बांधावर जेवायला बसल्या होत्या. द्वारकेच्या मांडीवर एक पुस्तक होतं. गाडीत पुस्तक उघडल्याशिवाय तिला बसवत नसे, पण आज एकाच ओळीवर नजर टेकवून ती मनात आपल्या वडलांचा, आबांचा जबडा पाहत होती. डाव्या बाजूनं चावायचे ते. नवं पोतं आलं की आबा त्याची शिवण उसवत, आत कोपरापर्यंत हात घालून मधला तुकडा काढत, आणि तो आधी स्वतःच्या तोंडात टाकत. सावकाश चावत. गोठ्यातल्या म्हशी माना वळवून त्यांच्याकडे बघत राहत. मग ते गिळत आणि जवळच्या म्हशीच्या कपाळावर थाप मारून म्हणत, "ग्वाड हाय, खा." मुक्या जनावराला घालायचं ते आधी आपल्या तोंडात घालायचं, कारण कडू लागलं तर त्याला सांगता येत नाही. ही त्यांच्या घराची चाल होती. त्यांच्या वडलांनी त्यांना तोंडात तुकडा देऊन ती शिकवली होती. लहानपणी द्वारकाही हात पुढं करायची, आणि आबा तिला नखाएवढा तुकडा देत. भाजल्या दाण्यासारखा लागायचा. पोतं आठवड्याला एक. पावसाळ्यात, हिरवा चारा असला तरी दुभत्यांना पेंड चुकायची नाही. आठवड्याला एक तुकडा, म्हणजे वर्षाचे बावन्न. आणि पंधरा वर्षं. तिनं हिशेब तिथंच सोडला. तो सुटला नाही. रुळांच्या सांध्यावर चाकं वाजत होती आणि त्या आवाजात तो आपोआप चालू राहिला.

पंधरा वर्षं, कारण तिनं आबांना लिहिलेली चिठ्ठी सोळा वर्षांपूर्वीची होती, आणि आबांना जाऊन एक वर्ष होत आलं होतं.

एकोणीसशे एकोणसाठ साली ती पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कुसगावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने घरात धुकं. चपलांना बुरशी, छत्रीच्या मुठीला बुरशी, भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटाला बुरशी. त्या साली पेंडीच्या पोत्यांना हिरवट-पिवळी पूड धरली. आबांनी शाळामास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं, की तू बुरशीचं शिकतेस असं म्हणालीस, तर आता ही पेंड फेकावी का कसं ते कळव. ती वसतिगृहाच्या कॉटवर बसली होती. तिला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. वडलांनी आयुष्यात प्रथमच तिला काही विचारलं होतं. तिनं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: बुरशी कुंच्यानं घासून काढावी. पेंड फोडून दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. उन्हानं बुरशी मरते. मग खुशाल घालावी.

पुस्तकात चूक नव्हती. बुरशी उन्हानं मरतेच. पण तिनं आधीच जे सोडून ठेवलेलं असतं ते मरत नाही. ते उन्हाला, कढईला, चुलीला कशालाच भीत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. पुढं एक-दोन वर्षांनी परदेशात कुठंतरी हजारो पक्षी मेले तेव्हा ते कळलं. एवढं तिनं स्वतःला तळेगाव ते वडगाव एवढ्या वेळात तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिला दुसरी गोष्ट दिसली, जी ती सकाळपासून पाठीमागं ढकलत होती. तिला स्वतःला तर तीन वर्षं माहीत होतं. तीन वर्षं ती परक्या गावांना पोस्टकार्डं लिहीत होती, की आपल्या पेंडीत विष आढळले असून वाळवून उपयोग नाही, पुरून टाकावी. नगर जिल्ह्यात लिहिलं, साताऱ्यात लिहिलं. कुसगावला नाही. आबांची पेंड तिच्या मनात चांगलीच होती, कारण आबा ती चाखून घालत. चिठ्ठीवर भरवसा ठेवून ते पेंड चाखत होते, आणि त्यांच्या जिभेवर भरवसा ठेवून ती गप्प होती. आणि आबा गेल्यावर पेंड कोण चाखत असेल?

हा प्रश्न तिच्या मनात कामशेतला आला. तिनं पुस्तक मिटलं. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय बाई, बरं वाटंना का?" ती म्हणाली, "बरं आहे."

गेल्या वर्षी चैत्रात आबा ओसरीवर बसले होते. संध्याकाळचं ऊन तिरकं अंगणात आलं होतं. ती शनिवारची घरी आली होती, आणि आबांनी मान वर करून "आलीस?" म्हटलं तेव्हा तिला त्यांच्या डोळ्यांचं पांढरं पिवळट दिसलं. उन्हामुळं असेल, असं तिच्या मनानं म्हटलं. आई पाणी घेऊन आली, तीही म्हणाली, "उनाचं दिसतंय." मग आबा म्हशींचं दूध काढायला उठले, गोठ्याच्या सावलीत गेले, आणि तिथून वळून त्यांनी चरवी मागितली. पिवळं त्यांच्याबरोबर सावलीत गेलं होतं. पुढचे सहा महिने बरगडीखाली गाठ, फुगलेलं पोट, काटकुळे हात. पुण्याच्या डॉक्टरांनी यकृत म्हटलं आणि विचारलं, "दारू किती घेत होते?" आई एवढी चिडली की दवाखान्यातून उठून बाहेर जाऊन उभी राहिली. आबांनी जन्मात दारू घेतली नव्हती. पण डॉक्टरनं विचारलेलं गावात पोचलं. प्रेताला आलेली माणसंही हळू बोलत होती. द्वारकेनं तेव्हा यकृतावरची पुस्तकं वाचली, इंग्रजी, मराठी, हाताला लागली ती. गेल्या हिवाळ्यात गुजरातच्या सीमेकडं बुरशी लागलेला मका खाऊन खेड्यातली माणसं कावीळ होऊन गेली, तो मजकूरही सरांनी तिला दिला होता. तिनं तो नीट वाचून फायलीत लावला होता. फाईल मिटताना तिला कुणाचीही आठवण झाली नव्हती. माणूस एवढा कसा आंधळा होतो, आणि तोही रोज अंधारात उजेड पाहण्याचा पगार घेणारा माणूस?

लोणावळ्याला उतरून ती कुसगावची वाट चालू लागली. बंगल्यांच्या कुंपणांवरचं शेवाळ अजून वाळलं नव्हतं. पाय भरभर पडत होते, पण घर जवळ येऊ नये असं वाटत होतं. वळणावरून गोठ्याचं छप्पर दिसलं आणि त्यासमोरचं अंगण, आणि अंगणात बांबूच्या तट्ट्यावर पसरलेली पेंड. पिवळ्या उन्हात ती शांत वाळत पडली होती. शेजारी गंगी उकिडवी बसून एकेक ढेपसा कुंच्यानं घासत होती. गंगी वरच्या ठाकरवाडीची. आबा गेल्यापासून गोठ्याला आईबरोबर तीच. घासताना तिच्या तोंडासमोर बारीक हिरवी धूळ उडत होती.

"आल्या बगा चिठ्ठीवाल्या ताई!" गंगी हसली. "तुमच्या त्या चिठ्ठीनं माजी कंबर मोडली वो. लिवताना येवढं तरी लिवायचं, की बाई गं, मधीमधी उठून पाय मोकळं कर."

"गंगे, ठेव ते. लांब हो आधी."

"का वो?"

"तोंड धू. हात धू. साबणानं."

गंगी गोंधळून उठली. आई गोठ्यातून बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात भिजवलेल्या पेंडीचं, आंबोणाचं घमेलं. "आज मंगळवारी कशी काय? काय झालं?" आणि मग लेकीचा चेहरा पाहून, "रजा हाय का?"

द्वारकेनं सांगायला सुरुवात केली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती. ती सगळी नीट बाहेर आली आणि अंगणात कुठंतरी सांडून गेली. पेंडीत विष आहे. बुरशीचं विष. दिसत नाही. वाळवून जात नाही. म्हैस गाभडली ती त्यामुळं असेल. दुधातसुद्धा उतरतं.

"दिसत न्हाई, मंग तुला कसं दिसलं?" आईनं विचारलं.

"दिव्याखाली. निळा दिवा असतो, त्याच्यात चमकतं."

"निळ्या दिव्यात काय, समदंच चमकंल. जत्रंत बग की." आईनं घमेलं खाली ठेवलं. "द्वारके, सोळा-सतरा वरसं ह्ये असंच चाललंय. तूच लिवलंस. त्येंनी तुजी चिठ्ठी खिळ्याला लावलीया, ती अजून हाय. पावसाळा आला की मला म्हनायचे, वाच गं परत, काय लिवलंय पोरीनं. मला कुटं वाचाया येतंय. मी आपली पाठ म्हनायची. घासावी, वाळवावी, खुशाल घालावी."

"ते चुकलं होतं."

"पुस्तकातलं चुकलं?"

"मी चुकले."

आई तिच्याकडं पाहत राहिली. हे तिला पटण्यासारखं नव्हतं. शिकलेली लेक चुकते ही गोष्ट त्या अंगणात पूर्वी कधी घडली नव्हती. गंगी हात पुसत म्हणाली, "मावशी, पर चव तर चांगली हाय की. आमी चुरा घेऊन जातो वाडीवर, मिरची घालून चटनी करती मी. चिंगीला लय आवडती." चिंगी म्हणजे गंगीची सात वर्षांची मुलगी. परवा याच अंगणात ती सागरगोटे खेळत होती.

"व्हय तर," आई म्हणाली. "मी काय न चाखता घालते व्हय जनावराला? त्येंच्या माघारी एक पोतं न्हाई चुकवलं." आणि वाद संपवायला म्हणून, सहज, वर्षभराच्या सवयीनं तिनं वाकून तट्ट्यावरचा एक तुकडा उचलला. "हे बग, कडू न्हाई, खवट न्हाई…"

तुकडा आईच्या ओठांपाशी पोचायच्या आत द्वारकेनं तिचं मनगट धरलं. दोघींची क्षणभर झटापट झाली, अशी की जिची दोघींनाही लाज वाटावी. आईचं मनगट बारीक झालं होतं, पण दूध काढणारा हात, तो आवरेना. तुकडा खाली पडला. आई दुसरा उचलायला वाकली. तिला राग आला होता आणि रागात ती नक्की खाईल, हे द्वारकेला कळलं. बोलून आता काही होणार नव्हतं. क्लोरोफॉर्म, पट्टी, निळा ठिपका, गुजरातचा मका, यातलं एकही या अंगणात उभं राहू शकत नव्हतं. तिनं आईच्या हातातला तुकडा हिसकला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

तो तिनं चावला. डाव्या बाजूनं. गोड होता. भाजल्या दाण्यासारखा, किंचित तेलकट, दाताखाली रवाळ. लहानपणीच्या नखाएवढ्या तुकड्याचीच चव, तसूभर कमी नाही. ती काहीतरी कडू लागेल म्हणून वाट पाहत होती. मनातल्या मनात विनवत होती की एवढंसं तरी कडू लाग. ते लागलं नाही. आबांनी कपाळावर थाप मारून म्हटलेलं तिला अगदी कानाशी ऐकू आलं, आणि मग तिच्या पाठीतून जे वर चढलं ती नुसती भीती होती, तिला दुसरं नाव नव्हतं.

"थुंक!"

आईचा आवाज फाटला होता. "थुंक आदी! द्वारके, थुंक म्हनते ना!" आईनं एका हातानं तिची मान धरली, दुसऱ्या हाताची दोन बोटं तिच्या गालफडात घातली आणि तान्ह्या पोरानं खडा गिळू नये म्हणून काढावा तसा लगदा खरवडून बाहेर काढला. "गंगे, पानी आन! पानी!" द्वारकेनं चुळा भरल्या. एक, दोन, सात. आई तिच्या पाठीवर थापा मारत होती. लेकीनं सांगितलेलं तिला पटलं नव्हतं. लेकीच्या तोंडात ते गेलेलं पाहिल्यावर मात्र पटायचं काही उरलं नव्हतं.

मग आई ताठ उभी राहिली. "गंगे, तट्ट्यावरचं समदं गोळा कर. आतली दोनी पोती बी काड. बांधाच्या पल्याड खड्डा मार, चांगला कमरंयेवढा. आन् घरी जो काय चुरा नेलाय, त्यो समदा घिऊन ये."

"चिंगीला काय व्हतंय का वो ताई?" गंगीनं विचारलं. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"चिंगीला उद्या पुण्याला घेऊन जाऊ. तुलाही. डॉक्टरांना दाखवू." द्वारकेनं आईकडं न पाहता पुढं म्हटलं, "आपण सगळेच जाऊ."

गंगी कुदळ आणायला गेली. आई ओसरीच्या पायरीवर टेकली. कपिली गोठ्यातून हंबरली. आंबोणाची वेळ झाली होती. आई उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हंजी… घेत न्हवते ते?"

द्वारकेला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती आईशेजारी पायरीवर बसली. वर्षभर आई हे पोटात घेऊन म्हशींच्या शेणात वावरत होती. तिलाही शंका आली होती.

"ठाऊक नाही मला नक्की काय झालं ते," द्वारका म्हणाली. "आता कुणालाच कळणार नाही. पण या पेंडीनं तसं होऊ शकतं. दारू न घेता."

आईनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग विचारलं, "त्येंनी किती खाल्लं असंल गं?"

बावन्न गुणिले पंधरा. उत्तर गाडीत बसल्यापासून तिच्याकडं तयार होतं. तिनं ते सांगितलं नाही. तिनं सांगितलं नाही म्हणून आईला ते कळलं असावं, कारण ती उठली आणि गोठ्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ती चिठ्ठी होती. खिळ्यानं मध्ये भोक पडलेलं, चार कडा धुरानं काळ्या, पण अक्षर अजून सुवाच्य. ते अक्षर तिचं होतं, अठरा वर्षांच्या मुलीचं, फार मोठं झाल्यासारखं वाटणाऱ्या मुलीचं. आई ती फाडेल असं द्वारकेला वाटलं. फाडली असती तर बरं, असंही वाटलं. आईनं ती उलटी करून तिच्यासमोर धरली. मागची बाजू कोरी होती.

"ह्याच्यावरच लिव. मोठ्या अक्षरात. चिंगी साळंत जाती, ती वाडीवर वाचून दावील समद्यांना. लिव, की वाळवू नये. चाखू नये." ती थांबली. "आन् पयल्यांदा चुकलं व्हतं, ते बी लिव."

द्वारकेनं पर्समधून पेन काढलं. पेंडीचा गोडवा अजून दाताच्या फटीत होता. मागच्या बांधावर कुदळीचे घाव पडत होते. तिनं पुस्तकावर कागद ठेवला आणि लिहिलं: बुरशी लागलेली पेंड जनावरांस घालू नये. घासून, वाळवून विष जात नाही. चवीवरून कळत नाही. पूर्वी याच कागदावर मी लिहिले ते चुकीचे होते. ही ओळ लिहून झाल्यावर तिनं खाली तारीख घातली, आणि सही करायला म्हणून पेन टेकवलं, आणि काहीतरी विचारायला मान वर केली.

आई पायरीवर उभी होती. संध्याकाळचं ऊन अंगणात तिरकं आलं होतं, आणि ते सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. ऊन पिवळं होतं. पदर पिवळा दिसत होता, हात पिवळे, घमेल्याची कड पिवळी. आईनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यातही तोच रंग होता.

द्वारकेनं पेन खाली ठेवलं.

"आई," ती म्हणाली, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला, "जरा सावलीत ये."